शाळेच्या दारांतील अर्धा तास

लहान मुलांच्या शाळा सुटण्याच्या सुमारास त्यांच्या फाटकापाशीं जो एक जमाव दररोज गोळा होतो, त्याच्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्यांचें सहसा लक्ष जात नाहीं. गेलेंच तर रस्ता अडला म्हणून कपाळाला आठी पडते, इतकेंच. आम्हीहि पुष्कळ वर्षें याच मताचे होतों. शाळेच्या भिंतीच्या आंतल्या बाजूस ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांना भिंतीबाहेर उभे असलेले आईबाप म्हणजे तक्रारी घेऊन येणारी, उगाच कुजबुजणारी व घंटा झाली कीं एकच गलका करणारी मंडळी, असें वाटत असतें. परंतु गेल्या दोन वर्षांपासून नातवाला बालवाडींतून घरीं आणण्याचें काम आमच्याकडे आलें आहे आणि त्या जमावांत आमचीहि भर पडली आहे. शाळा बाहेरच्या बाजूनें पाहण्याचा हा योग आम्हांस नोकरींत असतांनाच आला असता तर बरें झालें असतें, असें आतां वाटूं लागलें आहे. कां, तें पुढें येईलच.

शाळा साडेअकराला सुटते. पण अकरा वाजल्यापासून मंडळी जमूं लागतात. फाटकासमोर बुचाचें एक जुनें झाड आहे आणि त्याच्या बुंध्याभोवतीं पूर्वीं कोणीं तरी बांधलेला दगडी कट्टा आहे. कट्ट्यावर पहिला हक्क आजीबाईंचा. तरुण आया बहुधा उभ्याच असतात, कारण मूल घरीं पोंचवून कोणाला कचेरी गांठावयाची असते, तर कोणाचा कुकर चढवावयाचा राहिलेला असतो. बाप आपापल्या दुचाकी गाड्यांवर बसून राहतात. आरंभीं ते एकमेकांशीं बोलत नसत. आतां हवापाण्यापासून सुरुवात करून मुलाच्या जुलाबापर्यंत येऊन पोंचतात. आपलें मूल कोणत्या इयत्तेंत आहे हें ठाऊक असणारा बाप म्हणजे कर्तव्यदक्ष बाप, असें आमच्या लहानपणीं मानीत. तेव्हां एका तिशींतल्या गृहस्थानें दुसऱ्याला, "तुमच्याकडे रात्रीं किती वेळां उठावं लागतं?" असें विचारलेलें प्रथम कानीं आलें, त्या दिवशीं आम्ही चकित झालों. हा बदल आम्हांस मनापासून आवडला.

येथें कोणालाहि स्वतःचें नांव नसतें. ही सोनूची आई, ती जुळ्यांची आई, ते चिंगीचे बाबा. आणि उभ्या आयुष्यांत 'सर' याखेरीज दुसरी हांक न ऐकलेले आम्ही येथें नुसते बंडूचे आजोबा. संस्कृतांत आईवरून मुलाला नांव मिळतें; कुंतीचा तो कौंतेय, सुमित्रेचा तो सौमित्रि. अपत्य दाखविणारे प्रत्यय पाणिनीनें बारकाईनें सांगून ठेवले आहेत. पण मुलावरून आईला नांव देणारा प्रत्यय कांहीं आम्हांस आठवत नाहीं. त्याची गरज या कट्ट्यावर रोज भासते.

आतां येथें बोलतात तें काय? कोणा विद्वानानें वहींत टिपून घ्यावें असें त्यांत वरवर पाहतां कांहींहि नसतें. डबा जसाच्या तसा परत येतो. भाजी म्हटली कीं तोंड फिरवितो. दुपारीं निजत नाहीं व रात्रीं निजूं देत नाहीं. धाकटी झाल्यापासून थोरला पुन्हां अंथरूण ओलें करूं लागला आहे. नखें कापूं देत नाहीं. मोबाईल हातांत दिल्याशिवाय घांस गिळत नाहीं, आणि द्यावा तर सासूबाई बोलतात, न द्यावा तर मूल उपाशी. एकीनें गाऱ्हाणें सांगितलें कीं दुसरी त्यावर तोड सांगेलच असें नाहीं. बहुतेक वेळां ती एवढेंच म्हणते, "अगं, आमच्याकडेहि तेंच!" तेवढ्यानें ऐकणारीचा चेहरा कसा सैल पडतो, तें पाहण्यासारखें असतें. आपणच एक नालायक आई आहों असें जिला रात्रभर वाटत होतें, तिला सकाळीं अकरा वाजतां कळतें कीं अशा नालायकांनीं सारा कट्टा भरलेला आहे.

वाड्यांतल्या सामाईक नळावर व माजघराच्या उंबऱ्यावर पूर्वीं हेंच चालत असे. मात्र तेथल्या बोलण्याची थोरवी गाणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हेत. त्या नळावर एकीच्या मुलाचा वर्ण, दुसरीच्या मुलाचे पाय आणि तिसरीला मुलगीच झाली हें सारें इतक्या मोठ्यानें बोललें जाई, कीं आमची आई कित्येकदां घागर अर्धी भरूनच घरांत परत येत असे. शिवाय वाड्यांतलें बोलणें चुकवितां येत नव्हतें. येथें ज्याला नको असेल त्यानें साडेअकराला यावें, मूल घ्यावें व निघून जावें. कोणी अडवीत नाहीं.

कट्ट्यावर अज्ञान वाटलें जातें तसें ज्ञानहि वाटलें जातें, आणि दोन्हींचा भाव एकच असतो, हें सांगितलें पाहिजे. परिचारिकेचें काम करणाऱ्या एका आईनें येथेंच एका आजीबाईंना, वर्षाच्या आंतल्या बाळाला मध कां चाटवूं नये, तें समजावून सांगितलें. मधांत क्वचित् असणारे जंतु मोठ्यांना बाधत नाहींत, पण तान्ह्या बाळाच्या आंतड्यांत वाढून त्याचे स्नायू लुळे पाडणारें विष उत्पन्न करतात. आजीबाई रागावल्या, त्यांच्या चार मुलांना सोन्याच्या वळ्यानें मध चाटविलेला होता. पण पुढें बारशाला गेल्या तेव्हां त्यांनीं मधाची वाटी स्वतःच बाजूला सारली असें कळलें. याच परिचारिकेनें, जुलाब होणाऱ्या मुलाचें पाणी तोडलेल्या दुसऱ्या एकीला, एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ हें प्रमाण तोंडपाठ करावयास लाविलें. १९७१ सालीं बांगला देशांतून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकीची सांथ उसळली आणि शिरेंतून देण्याचें सलाईन अपुरें पडूं लागलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनवीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचें पाणी रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हातीं देऊन त्यांच्याकडून पाजविलें; आणि सुमारें तीस टक्के असलेलें मृत्यूचें प्रमाण चार टक्क्यांच्या खालीं आलें. डॉक्टरांचें ज्ञान आईबापांच्या हातीं गेलें म्हणजे काय होतें, याचा याहून मोठा पुरावा आम्हांस ठाऊक नाहीं.

असो. ज्या गोष्टीकरितां हा लेख लिहावयास घेतला ती आतां सांगतों.

गेल्या वर्षींच्या जून महिन्यांत एक नवी आई कट्ट्यावर येऊं लागली. नवऱ्याच्या बदलीमुळें तीं गांवांत नवीं होतीं. मोठी मुलगी दुसरींत, आणि तीन वर्षांचा मुलगा या बालवाडींत. मुलगा हसरा, चपळ, डोळ्यांनीं मोठा बोलका. हवें तें बोट धरून नेऊन दाखवी, नको तें हातानें सारी. आठवडाभर ती बाई नुसती ऐकत उभी राहिली. मग एके दिवशीं, एखादा अपराध कबूल करावा तशा आवाजांत म्हणाली, "आमचा अजून बोलत नाहीं हो."

त्याबरोबर चहूंकडून धीराचे शब्द आले. "अगं, आमच्याकडेहि तेंच! साडेतीन वर्षांचा होईपर्यंत चकार शब्द नाहीं." "मुलगे उशिरांच बोलतात." "याचा बाप केव्हां बोलला तें सासूबाईंना विचार बघूं." "थोरलीच त्याच्या वतीनें सगळं बोलत असेल. मग तो कशाला श्रम घेतो!" आणि या सर्वांवर कळस म्हणून आम्हीं आपल्या मास्तरकीच्या अधिकारानें सांगितलें कीं, उशिरां बोललेलीं मुलें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत व पुढें त्यांनाच गप्प बसवितां बसवितां आमचा घसा बसला आहे. सगळे हंसले. तीहि हंसली. त्या हंशावर आम्ही मोठे खूश होतों.

रस्त्याच्या कडेला आपल्या रिक्षांत एक गृहस्थ बसलेले असत. त्यांची धाकटी मुलगी याच बालवाडींत. वर्षभर ते रोज येत होते; पण त्यांना कोणीं कट्ट्यावर बोलाविलें नव्हतें, आणि न बोलावतां ते येणाऱ्यांपैकीं नव्हते. ते खालीं उतरून आले.

"ताई, रागावूं नका," ते म्हणाले, "त्याला पाठीमागून हळूच हांक मारून बघितलीत का कधीं?"

"ऐकूं येतं हो त्याला! दार आपटलं कीं दचकतो. दिवाळींत फटाक्यांना तर किती रडला!"

"आमच्या थोरलीलाहि दाराचा आवाज येत होता. एकदां कान तपासून घ्या. उशीर करूं नका. आम्हीं केला."

कट्टा एकदम गप्प झाला. एक आजीबाई म्हणाल्या, "अहो, शुभ बोलावं माणसानं." बाईचा चेहरा पांढराफटक पडला. इतक्यांत घंटा झाली. दुसऱ्या दिवशीं मुलाला न्यावयास त्याचे वडील आले, तिसऱ्या दिवशीं आजी. ती स्वतः आठ दिवस फिरकली नाहीं. कट्ट्यावर सर्वांनीं मिळून त्या रिक्षावाल्यास दोष दिला. एवढ्या चांगल्या बाईचें मन त्यानें उगाच दुखविलें, असें ठरलें. आम्हींहि मान डोलविली.

मात्र त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. १९८८ च्या सुमारास पांचवीच्या वर्गांत आमच्याकडे एक मुलगा होता. आमच्याकडे तोंड करून उभा असला म्हणजे उत्तरें नीट देई. शुद्धलेखन घालतांना आम्ही वर्गांत फिरत फिरत त्याच्या पाठीमागें गेलों कीं भलतेंच लिही. 'सात' चें 'हात', 'फार' चें 'पार'. तो मुद्दाम करतो अशी आमची खात्री होती. आम्हीं त्याला शेवटच्या बांकावर बसविलें आणि त्याच्या हातावर छडीहि पुष्कळ वेळां मारली. एके दिवशीं त्याच्या शेजारच्या घरांतील बाई आपल्या मुलाची फी भरावयास आली होती, जातां जातां सहज म्हणाली, "तो पोरगा रोज आमच्याकडे येतो मास्तर, रेडिओला नुसता कान चिकटवून बसतो." तिला त्यांतून कांहींहि सुचवावयाचें नव्हतें. गप्पांच्या ओघांत निघालेलें तें एक वाक्य. पण तेवढ्यावरून आम्हांस सहा महिन्यांचा उलगडा झाला. त्याला पहिल्या बांकावर आणलें. पुढच्या वर्षीं तो दुसऱ्या शाळेंत गेला. नंतर त्याचें काय झालें याचा शोध आम्हीं केला नाहीं. कोणत्या तोंडानें करणार होतों?

दुसऱ्या दिवशीं शाळा सुटण्याच्या आधीं आम्ही रिक्षापाशीं गेलों व त्या गृहस्थांना सगळें विचारलें. त्यांनीं जें सांगितलें आणि मागाहून आम्हीं जें वाचून पडताळून पाहिलें, त्याचा सारांश आमच्या वाचकांच्या घरांतहि उपयोगी पडेल, म्हणून येथें देतों.

बहिरेपण म्हणजे कांहींच ऐकूं न येणें, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षांत तें बहुधा अर्धवट असतें. दार आपटणें, फटाका, ढोल हे मोठे व खालच्या पट्टींतले आवाज मुलाला येतात. स, श, फ यांसारखीं वरच्या पट्टींतलीं हलकीं व्यंजनें येत नाहींत. त्यामुळें बोलणें त्याच्यापर्यंत पोंचतें तें पुसट झालेल्या अक्षरांच्या कागदासारखें. घरांत आपण पाठीमागें ताट वाजवून परीक्षा घेतों. पण मूल जमिनीचा कंप जाणतें, भिंतीवरची आपली सांवली पाहतें आणि वळतें. आपण निर्धास्त होतों. शिवाय अशीं मुलें चेहरा वाचण्यांत मोठीं तरबेज असतात, म्हणून तीं आपल्याला अधिकच हुशार वाटतात. जगांत दर हजार जन्मांमागें एक ते तीन बालकें कायमचें श्रवणदोष घेऊन येतात असें मानतात. तान्हें मूल झोंपेंत असतांना कानांत एक लहानशी नळी ठेवून कांहीं मिनिटांत होणारी 'ओएई' ही चांचणी आहे. तींत शंका आली तर मेंदूपर्यंत ध्वनि पोंचतो कीं नाहीं हें दाखविणारी 'बेरा' ही दुसरी आहे. या कोणत्याहि चांचणींत मुलानें बोलावें लागत नाहीं, त्याला दुखतहि नाहीं. जन्मानंतर महिन्याच्या आंत पहिली चांचणी, तीन महिन्यांच्या आंत निदान आणि सहा महिन्यांच्या आंत उपचार, असा शास्त्रज्ञांचा दंडक आहे. कारण भाषा शिकण्यासाठीं मेंदूची जी वेळ असते ती पहिल्या कांहीं वर्षांतच असते, आणि ती कोणासाठीं थांबत नाहीं. वाढदिवसाच्या आगेंमागें एखाददुसरा अर्थपूर्ण शब्द आणि दोन वर्षांच्या सुमारास दोन शब्दांची जोडणी, एवढें नसेल तर आजीच्या आठवणींवर विसंबून न राहतां कानाच्या तज्ज्ञांकडे जावें. कान निर्दोष निघाले तर दुसरीं कारणें शोधतां येतात. आणि खरोखरच उशिरां बोलणारें मूल असेल तर दोन तास वायां गेले इतकेंच. मुंबईस वांद्र्याला १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था याच कामाची आहे. २०१३ पासून सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाड्यांतून व सरकारी शाळांतून मुलांची जी तपासणी होते, तींतहि श्रवणदोष पाहिला जातो. आणि ज्यांना परवडत नाहीं त्यांना यंत्रें मिळावींत म्हणून १९८१ पासून केंद्राची 'एडिप' नांवाची योजना आहे. खासगी शाळेंत पैसे भरणारे आपण मात्र या तपासणीला मुकतों, आणि आपल्याला तिची गरज नाहीं असें समजतों.

त्या गृहस्थांच्या थोरल्या मुलीचें निदान ती चार वर्षांची झाल्यावर झालें. आतां ती सहावींत आहे, दोन्ही कानांना यंत्रें लावते व गणितांत पहिली येते. हें सांगतांना त्यांचा चेहरा उजळला होता. मग थोडें थांबून म्हणाले, "दोन वर्षं फुकट गेलीं सर. कोणी वाईट बोललं नाहीं आम्हांला. सगळे चांगलंच बोलत होते."

हें वाक्य ऐकून आम्ही खालीं पाहिलें.

काश्यपसंहिता नांवाचा बालरोगांवरील एक प्राचीन ग्रंथ आहे. नेपाळांत सांपडलेल्या त्याच्या खंडित पोथीवरून तो १९३८ सालीं छापला गेला. त्यांत एक सबंध अध्याय वेदनाध्याय म्हणून आहे. ज्याला बोलतां येत नाहीं अशा बालकाला कोठें काय होतें तें कसें ओळखावें, हा त्याचा विषय. कान दुखत असला म्हणजे मूल हातांनीं कान चांचपतें, डोकें हलवीत राहतें, त्याला झोंप लागत नाहीं, अशीं लक्षणें एकामागून एक दिलीं आहेत. आम्हीं तो अध्याय पूर्वीं वाचला होता तो शब्दांच्या व्युत्पत्तीकरितां. मूल बोलत नसेल तर त्याच्याकडे पाहावें, ही त्यांतली साधी गोष्ट तेव्हां डोळ्यांआड झाली; रिक्षांत बसणाऱ्या त्या बापाला ती ग्रंथ न वाचतां साधली होती.

नवव्या दिवशीं ती आई आली. चांचण्यांसाठींच ती इतके दिवस येऊं शकली नव्हती. दोन्ही कानांत मध्यम ते तीव्र दोष निघाला होता. कट्ट्याजवळ न येतां ती फाटकाला टेकून उभी राहिली. कोणाला काय बोलावें तें सुचेना. रोजचें तें एक वाक्य आज कोणालाच म्हणतां येण्यासारखें नव्हतें. ज्याला म्हणतां येण्यासारखें होतें तो एकच मनुष्य तेथें होता. ते रिक्षांतून उतरले, तिच्यापासून दोन हात अंतरावर उभे राहिले व म्हणाले, "आमच्याकडेहि तेंच होतं, ताई."

मग ती रडली. जुळ्यांच्या आईनें तिच्या पाठीवर हात ठेवला. ज्यांनीं 'शुभ बोलावं' म्हटलें होतें त्या आजीबाईंनीं कट्ट्यावर सरकून दोघांनाहि जागा केली, आणि त्या दिवशीं ते गृहस्थ प्रथमच कट्ट्यावर बसले.

कोणी म्हणेल, गप्पांनीं काय होतें? याचा हिशेब ज्यांनीं शास्त्रीय रीतीनें केला आहे, त्यांचीं उदाहरणें देण्यासारखीं आहेत. नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यांत गांवोगांवीं बायकांना महिन्यांतून एकदां एकत्र बसविण्यांत आलें. त्यांच्यांत एक स्थानिक स्त्री असे; ती डॉक्टर नव्हे, दाई नव्हे. व्याख्यान कोणीं द्यावयाचें नाहीं. गरोदरपणांत व बाळंतपणांत काय काय अडतें तें एकमेकींना सांगावयाचें, त्यांतली कोणती अडचण आधीं सोडवावयाची तें आपण ठरवावयाचें, व पुढच्या खेपेस काय झालें तें पाहावयाचें. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें, जेथें असे गट बसले तेथें नवजात बालकांचे मृत्यु इतर गांवांच्या मानानें तीस टक्क्यांनीं कमी झाले. तोच प्रयोग 'एकजुट' या संस्थेनें झारखंड व ओडिशांतील आदिवासी भागांत केला. त्याचे आंकडे २०१० सालीं प्रसिद्ध झाले, व तेथें तीन वर्षांत बत्तीस टक्के घट दिसली. आयांच्या मनाच्या खिन्नतेवरहि तिसऱ्या वर्षीं मोठा परिणाम दिसून आला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मात्र अशाच गटांमुळें बालमृत्यु निश्चित घटल्याचें दिसलें नाहीं, असें २०१२ सालच्या वृत्तांतांत म्हटलें आहे. शहरांत शेजार रोज बदलतो व बायकांना बसावयास सवड नसते, हें त्याचें कारण असावें, असा आमचा तर्क. तेव्हां नुसतें एकत्र बसणें पुरत नाहीं. 'आमच्याकडेहि तेंच' याच्या पुढें 'मग तुम्हीं काय केलंत?' असें विचारणारी एकजण तरी तेथें असावी लागते.

आमच्या कट्ट्यावर त्या दिवसानंतर कांहीं मोठें घडलें असें नाहीं. मुलाला आठवड्यांतून तीन दिवस वाचोपचारासाठीं न्यावें लागे, आणि थोरली त्याच वेळीं दुसऱ्या शाळेंतून सुटे. तिला आणण्याच्या पाळ्या आयांनीं आपसांत वांटून घेतल्या. मंगळवारची पाळी आमची. यंत्राला पावसाळी हवा सोसत नाहीं, रात्रीं तें ओल शोषणाऱ्या खड्यांच्या डबींत ठेवावें लागतें, घड्याळासारखे लहान सेल मूल तोंडांत घालणार नाहीं असे उंच ठेवावे, हें सारें रिक्षांतल्या गृहस्थांनीं त्या आईला शिकविलें. अर्ज कसा भरावा तेंहि. मुलाशीं बोलतांना त्याच्या समोर, त्याच्या उंचीवर बसून, चेहऱ्यावर उजेड येईल असें बोलावें, असें कळल्यावर सत्तरीच्या आजीबाई गुडघे दुखत असतांनाहि कट्ट्याच्या खालच्या पायरीवर बसूं लागल्या. मुलांनीं पहिल्या दिवशीं यंत्र ओढून पाहिलें. "हें काय आहे कानांत?" जुळ्यांच्या आईनें सांगितलें, "तुझ्या आजोबांच्या डोळ्यांना चष्मा आहे ना? तसा हा कानांचा चष्मा." मुलांचें समाधान झालें, मोठ्या माणसांचें व्हावयास अधिक वेळ लागला. एका बाईनें, हें संसर्गानें होत नाहीं ना, असें आम्हांस एकीकडे घेऊन विचारलें. नाहीं, असें आम्हीं सांगितलें; तिचा विश्वास बसला कीं नाहीं तें ठाऊक नाहीं. तिच्या मुलाला ती अजूनहि त्याच्याशेजारीं बसूं देत नाहीं.

नोव्हेंबरांत बुचाचा बहर आला. शाळा सुटल्यावर मुलें खालीं पडलेलीं पांढरीं फुलें वेंचीत होतीं. जुळ्यांपैकीं एकानें त्या मुलाच्या मुठींतलें फूल हिसकावलें. त्यानें तें परत ओढून घेतलें, त्याला एक धपाटा दिला आणि ओरडला, "माझं!"

'झ' पुरता उमटला नव्हता. पण शब्द सर्वांना समजला. जुळ्या मोठ्यानें रडूं लागला. त्या आईनें संवयीनें, "असं मारायचं नाहीं!" म्हणून मुलाचा दंड धरला, आणि मग तशीच हातांत दंड धरून उभी राहिली.

"असूं दे, असूं दे," जुळ्यांची आई आपल्या रडणाऱ्या पोराला कडेवर घेत म्हणाली. आजीबाईंनीं दुसरें एक फूल शोधून त्याच्या हातांत दिलें. रिक्षा सुरू झाली होती. आंतल्या चार मुलांनीं एकदम हांका मारावयास आरंभ केला, तेव्हां ते गृहस्थ कट्ट्यावरून उठले.